बॉनेटवरचा पंजा

"खोकं काढू नको," धनाजी म्हणाला.

अमृतनं पाण्याची नळी खाली केली. सांगली-मिरज रस्त्यावरच्या, गाड्यांचा रंग जपून देणाऱ्या त्या दुकानात गाडी आली की आधी धुवायची आणि मग मालकानं बघायची, अशी रीत होती. ही गाडी लहान, पांढरी. अंगावर धुळीचा थर. आणि बॉनेटच्या मधोमध बिस्किटाच्या पुड्यांचं रिकामं खोकं उपडं ठेवून चारी कडांना खाकी टेप मारलेली.

"मामा, खाली कोंबडी डालली हाय काय?"

"न्हाई."

"मग अंडी असतील." अमृत चाळिशीचा, मिशा राखलेला, गमत्या माणूस होता. समोरचा हसत नाही हे बघून त्यानं नळी बंद केली. "बरं, मालकास्नी बोलवतो. तुमी सावलीला तरी या."

धनाजी सावलीला गेला नाही. खोक्याला हात लावून तिथंच उभा राहिला. आटपाडीकडच्या आपल्या गावातून तो उजाडायच्या आत निघाला होता. नागज फाट्यावर चहाला थांबला, तर टपरीवरची माणसं उठून गाडीभोवती एक फेरी मारून आली. एकानं विचारलंही, की काय नवस आहे का. धनाजीनं चहा अर्धा टाकला आणि गाडीत बसला.

दुकानाचा मालक शिवतेज बाहेर आला. तिशीचा, अंगात काळा शर्ट, हातात मऊ फडकं.

"सोनमताईंचे वडील ना? बोलल्या होत्या त्या. पुढच्या भागाला पारदर्शक फिल्म आणि सगळ्या गाडीला सिरॅमिकचा लेप."

"व्हय. दोनी बी करायचं."

"चांगलं केलं. नुसती फिल्म लावली तर तिच्यावर डाग बसतात, पुढं पुढं कळा जाती. नुसतं सिरॅमिक लावलं तर उडालेला खडा त्याला थांबत न्हाई. दोन्ही लावायची. खडा आला तर फिल्म खाती, आणि फिल्मवर सिरॅमिकचा हात असला की तिला काय चिकटत न्हाई. पाणी पडलं तरी थेंब होऊन पळतं."

"आन खालचं?"

"खालचा रंग? हाय तसाच राहतोय. वर्षानुवर्षं."

"उनानं उडत न्हाई?"

"ऊन फिल्म अडवती, काका."

धनाजीला हायसं वाटलं. मेव्हणा नाथाजी साताऱ्याहून फोनवर हेच म्हणाला होता, "दाजी, फिल्म मारून घ्या, खालचं हाय तसं ऱ्हातंय." नाथाजीला कशासाठी विचारलं ते धनाजीनं सांगितलं नव्हतं. सोनमलाही नाही. सोनम त्याची एकुलती एक मुलगी, मिरजेत एका दवाखान्यात नर्स. बाप कधीपासून गाडीला हात लावत नव्हता, तो आता गाडी नीट करून घेतोय म्हणतो, एवढ्यावरच ती खूष होती. तिनंच हे दुकान शोधलं होतं.

धनाजीनं टेपचं एक टोक नखानं उचललं. मग दुसरं. खोकं असं उचललं की जणू खाली खरोखरच काही जिवंत होतं.

पांढऱ्या पत्र्यावर हळदीचा एक पंजा होता. पाच बोटं, मधला तळवा, तळव्यावरच्या रेघासुद्धा. मनगटाकडची बाजू फिकी झाली होती, बोटांच्या टोकांना मात्र रंग अजून दाट होता. हात लहान होता.

"हे ऱ्हायला पायजे," धनाजी म्हणाला. "ह्याच्यावर मार फिल्म."

शिवतेज खाली वाकला. पंज्याला हात न लावता त्यानं बाजूनं बघितलं.

"कुणाचा हात, काका?"

"मालकिणीचा."

पुढचं शिवतेजला विचारावं लागलं नाही. सोनमनं फोनवर एवढं सांगितलं होतं की आई श्रावणात गेली.

बायकोचं, शालूबाईचं मूत्रपिंड गेलं आणि डायलिसिससाठी मिरजेच्या वाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा धनाजी तमिळनाडूत सेलमला होता. गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं ते काम. सगळं तारुण्य भट्टी आणि तेजाबापुढं गेलं. तेजाबानं त्याच्या हातांच्या रेघा खाल्ल्या होत्या. रेशनच्या मशीनला त्याची बोटं लागायची नाहीत. शालू म्हणायची, ह्या माणसाचं नशीबच वाचता येत न्हाई. तो सगळं आवरून गावी आला. एसटीत बसून तिला धाप लागते म्हणून साताऱ्याहून, नाथाजीच्या ओळखीनं, ही गाडी आणली.

पहिल्यांदा मिरजेला निघताना तिनं भंडारा कालवला आणि बॉनेटवर पंजा उठवला. धनगराच्या घरात ते नवं नव्हतं. मेंढ्यांची कातरण झाली की कळपात सोडायच्या आधी धनाजीची आई रंगुबाई एकेकाच्या पाठीवर असाच भंडाऱ्याचा हात ठेवायची. शालूनं गाडीला मेंढरात धरलं एवढंच. आरेवाडीच्या बिरोबाचा भंडारा डब्यात कायम असायचा. पण ती तो पाण्यात कालवायची नाही, करडईच्या तेलात कालवायची. डॉक्टरनं तिचं पाणी तोडलं होतं. दिवसाला लहान तांब्याभर. तहान लागली की ती ओला रुमाल ओठांना लावायची.

"तेल कशाला गं? डाग पडंल गाडीला," धनाजीनं विचारलं होतं.

"मला पाणी मोजून आन हिला पसाभर? ती बी तहानंली ऱ्हाऊ दे माझ्यासंगं."

दर खेपेला नवा पंजा, जुन्यावरच. शेवटच्या खेपेला तिला उभं राहवत नव्हतं. धनाजीनं तिला काखेत धरलं, रंगुबाईनं वाटी धरली, आणि तिनं सगळं वजन टाकून हात दाबला. म्हणून तो इतका स्पष्ट उठला होता. त्या खेपेला येताना गाडी रिकामी आली.

दिवस घातले, पाहुणे गेले, मग एका सकाळी धनाजीच्या लक्षात आलं की पंजा फिका पडतोय. हळदीला ऊन खातं. त्यानं गाडी मेंढरांच्या छपरात घेतली. वर चार काठ्या रोवून घोंगडं असं ताणलं की ते पत्र्याला टेकणार नाही. तरी रोज सकाळी तो घोंगड्याखाली वाकून बघायचा, आणि रोज त्याला थोडं कमी दिसायचं. कधी वाटायचं आपल्या डोळ्यांचा खेळ आहे. मग करंगळीवरची एक रेघ खरोखरच गेली. त्या दिवशी तो जेवला नाही. रंगुबाईनं विचारलं, "काय रं, जेवण गेलं न्हाई?" तो म्हणाला, "करंगळी गेली." म्हातारीला वाटलं पोराचं बोट कापलं. तिनं चाचपून त्याचे दोन्ही हात बघितले.

"काका," शिवतेज म्हणाला, "मी तुम्हाला खोटं सांगणार न्हाई. फिल्म अशी लागत न्हाई. आधी गाडी धुवायची. मग पत्र्यावरची चिवट घाण मातीच्या गोळ्यानं ओढून काढायची. मग पॉलिश. मग साबणाचं पाणी मारून त्याच्यावर फिल्म सरकवत बसवायची. खाली तेल असलं, धूळ असली, तर तिथं ती धरतच न्हाई."

"एवढी जागा सोडून धू."

"सोडली तर तिथं फिल्म लागणार न्हाई."

"मग कोरडीच लाव."

"कोरडी लावली तर हळद फिल्मच्या गोंदाला चिकटंल. फुगे येतील. आणि एकदा का फिल्म उचलली..."

"उचलायची कशाला? ऱ्हाऊ दे की तशीच."

"अहो, पण बाकीची फिल्म..."

"बाकीची तुझ्या मनासारखी लाव. वाटलं तर बाकीची लावू बी नको." धनाजीचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. "लेकरा, माझ्याकडं एकच फोटू हाय तिचा. मतदानाच्या कार्डावरचा. त्यात ती दुसरीच कोणतरी दिसती. हे तेवढं तिचं हाय."

अमृत नळी गुंडाळत होता. तो थांबला.

"मालक," तो हळूच म्हणाला, "तुकडा लावून बघू की कडंला. पडलेले लय तुकडे हायत."

शिवतेजनं फिल्मचा बोटभर तुकडा आणला. तळव्याची मनगटाकडची, फिकी झालेली कड निवडली. पाठीचा कागद सोलला, तुकडा कोरडाच टेकवला, वरून रबरी पट्टी फिरवली. फिल्म पारदर्शक होती. खालची हळद जशीच्या तशी दिसली. उलट थोडी गडद झाली.

"बघ," धनाजी म्हणाला. "धरलं की."

"थांबा, काका." शिवतेजनं बोट लावलं. तुकड्याची कड आपोआप उचलली गेली होती. जिथं तेल होतं तिथं गोंद धरत नव्हता. त्यानं तुकडा काढला. गोंदाला पिवळं पीठ लागून आलं होतं, आणि पत्र्यावर तेवढी कड पुसून गेली होती.

तेवढ्यात रिक्षा थांबली. सोनम आली. ड्युटीवरून थेट, पांढऱ्या कपड्यांवर स्वेटर. तिनं खोकं बघितलं, पंजा बघितला, बापाचं तोंड बघितलं.

"आबा, ह्याच्यासाठी?"

धनाजी पंज्याच्या आड उभा राहिला.

"मला वाटलं तुमी गाडी चालवणार. आज्जीला आरेवाडीला न्हेणार, मला घ्यायला येणार. मी दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटले, आबा आता बरे हायत." ती शिवतेजकडं वळली. "धुऊन टाका."

"सोनम."

"आबा, ती हळद हाय. आई न्हाई ती."

"मला ठाव न्हाई व्हय?" धनाजी म्हणाला. "तुला काय वाटतं, मी येडा झालोय? मला ठाव हाय ती हळद हाय. पण रोज जातीया ती. रोज जाताना बघायचं म्हंजी कसं असतंय, तू सांग. एकदा बघितलं की तिकडं दवाखान्यात. परत रोज बघू?"

सोनमनं स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं आणि शिवतेजला म्हणाली, "काहीच होत न्हाई का?"

शिवतेजनं हातातला पिवळा झालेला तुकडा उलटून बघितला. "एक होईल," तो म्हणाला. "नक्की सांगत न्हाई. आता तुकड्याला हळद आली तशी सगळी एका फिल्मवर उचलून घ्यायची. मग कागदावर उलटी बसवून ठेवायची. गाडीवर न्हाई राहणार. पण घरात ठेवता येईल, काचंच्या आत, अंधारात. चालंल?"

धनाजी गाडीभोवती एक चक्कर मारून आला. ज्या बाजूला ती बसायची त्या दाराच्या कडीवर त्यानं हात ठेवला, काढला.

"असं न्हाई केलं तर?"

"तर ती अशीच राहील. जेवढे दिवस राहील तेवढे."

"कर," धनाजी म्हणाला.

अमृतनं गाडी आत घेतली आणि दुकानाचं दार ओढून घेतलं, वारा नको म्हणून. शिवतेजनं हातभर फिल्म कापली. चौघं बॉनेटभोवती उभे राहिले. कागद सोलला, दोन टोकं शिवतेजनं धरली, दोन अमृतनं. फिल्म पंज्यावर उतरली. शिवतेजनं रबरी पट्टी नाही वापरली; तळहातानं हळूहळू दाबत गेला, बोटामागून बोट. धनाजीचे ओठ हलत होते. बिरोबाचं नाव घेत होता की तिचं, ते सोनमला कळलं नाही.

"आता उचलतो," शिवतेज म्हणाला.

करंगळीकडून सुरुवात केली. हळद येत होती. पिवळं फिल्मवर चढताना दिसत होतं, आणि धनाजी नकळत पुढं वाकला. दुसरं बोट आलं. मधलं आलं. मग तळव्याखाली तेल कमी होतं तिथं गोंदानं पत्रा घट्ट धरला. फिल्म येईना. शिवतेजनं थोडा जोर केला. फिल्म रबरासारखी ताणली गेली, आणि तिच्यावरची बोटं ताणली गेली. लांब, अरुंद, कुणा परक्या बाईची वाटावीत अशी. हळदीला ताण सोसला नाही. तिच्यात बारीक भेगा पडल्या.

"सोड," धनाजी म्हणाला. "सोड, सोड."

शिवतेजनं सोडली नाही, पण अमृतनं सोडली. ताणलेली फिल्म पत्र्यावरून सुटून झपकन मागं आली, एक कड दुसऱ्या कडेवर पडली, आणि गोंदाला गोंद चिकटला. दोघांनी मिळून उघडायचा प्रयत्न केला. नखं लावली, गरम वारा मारला. जेवढं ओढावं तेवढं आतलं पिवळं पसरत गेलं. शेवटी शिवतेजच्या हातात लिंबाएवढी एक गोळी राहिली. आरपार दिसणारी, आत हळद.

पत्र्यावर अंगठा उरला होता. आणि तळव्याचा थोडा तेलकट ठसा, उजेड तिरका पडला तरच दिसणारा.

"मामा, माझी चूक," अमृत म्हणाला. "तुमी सोड म्हणालात, मला वाटलं मलाच."

"मीच म्हणालो," धनाजी म्हणाला. "तुझी काय चूक." त्यानं ती गोळी हातात घेतली. तिच्याकडं बघितलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग अंगठ्याच्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवला, दाबला नाही, नुसता टेकवला. आणि उचलला.

"धुवा आता," तो म्हणाला.

बाहेर जाऊन तो रस्त्याकडं तोंड करून पायरीवर बसला. आतून पाण्याचा आवाज सुरू झाला. सोनम त्याच्याशेजारी येऊन बसली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघांनीही मागं वळून बघितलं नाही.

काम होईतो धनाजी मिरजेत सोनमच्या खोलीवर राहिला. शालूला न्यायचे तो दवाखाना जवळच होता. खिडकीतून त्याचा मागचा जिना दिसायचा. धनाजीनं खिडकी लावून घेतली. सोनम ड्युटीवर गेली की तो खिशातली गोळी काढून उजेडात धरायचा, फिरवून बघायचा. कुठूनही बोट दिसत नव्हतं.

गाडी न्यायला दोघं गेले तेव्हा ती ओळखू येत नव्हती. पांढरा रंग इतका खोल झाला होता की त्यात दुकानाचे दिवे, माणसं, रस्त्यावरून जाणारी एसटी, सगळं दिसत होतं. शिवतेजनं बॉनेटवर पाणी ओतून दाखवलं. पाण्याचे मणी झाले आणि सरसर घरंगळत गेले.

"काही बसत न्हाई आता हिच्यावर," तो म्हणाला. सांगताना त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो आत गेला. त्यानं खोकं आणून मागच्या सीटवर ठेवलं. "तुमचं ऱ्हायलं होतं."

सोनमनं दोन दिवसांची रजा घेतली होती. ती पुढं बसली, आईच्या जागेवर. कवठेमहांकाळ गेलं, नागज फाटा गेला. आरेवाडीच्या दिशेला धनाजीनं स्टेअरिंगवरून एक हात उचलून कपाळाला लावला. एकदा सोनम म्हणाली, "गाडी लय हलकी चालतीया, आबा." तो म्हणाला, "व्हय."

घरापुढं गाडी थांबली तेव्हा उन्हं कलली होती. आवाजानं रंगुबाई भिंतीला धरून बाहेर आली. तिला आता माणसं सावल्यांसारखी दिसायची.

"आली व्हय गाडी? सोनू आली? थांबा, हलू नका कुणी."

ती आत गेली आणि वाटी घेऊन आली. भंडारा पाण्यात कालवलेला होता. बाहेर जाऊन नवं अंग करून आलेल्या जित्राबाला भंडारा लावल्याशिवाय दारात घ्यायचं नाही, हे तिला कुणी सांगायला लागत नव्हतं.

"आज्जी, नको," सोनम म्हणाली.

"नको कशाला? शाली असती तर तिनं लावला असता. आता ती न्हाई तर मीच." तिनं चाचपत गाडीचं नाक शोधलं. "लय गार लागतंय गं पत्रा. कातरल्यावानी."

धनाजी पुढं झाला नाही. त्याला सांगता आलं नाही. म्हातारीनं वाटीत पंजा बुडवला आणि बॉनेटवर सगळा जोर लावून दाबला. क्षणभर पिवळा हात दिसला. मग तिनं हात उचलला आणि त्याचे थेंब झाले. बारीक, पिवळे, एकेक वेगळे. ते उतारावरून घसरत नंबर प्लेटवर आले आणि मातीत पडले. बॉनेट पुन्हा पांढरं होतं.

"उठला का?" रंगुबाईनं विचारलं.

तिनं बोटांनी जागा चाचपली. कोरडी होती. पुन्हा हात बुडवला, पुन्हा दाबला. पुन्हा थेंब.

"ही घेत न्हाई रं," म्हातारी म्हणाली. "धना, ही घेईनाच."

"उठला, आई," धनाजी म्हणाला. "चांगला उठलाय. जा तू घरात."

सोनमनं आज्जीला हात धरून आत नेलं. वाटी धुतली, चूल पेटवली, चहा टाकला. कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा गाडी छपरात होती. वर घोंगडं ताणलं होतं, पहिल्यासारखं, पत्र्याला न टेकणारं. बॉनेटच्या मधोमध धनाजीनं बिस्किटाचं खोकं उपडं ठेवलं होतं. खाकी टेपचे तुकडे त्याच्या पायाशी पडले होते. एकही टेप त्या पत्र्याला धरत नव्हती. म्हणून तो खोक्याला हात लावून उभा होता.

"आबा, चहा."

"ठेव तिथं," धनाजी म्हणाला. "आलोच."